डावा डोळा गुरुवारी

माझ्या नणंदेला काहीही झालं नव्हतं. पोलीस तसं म्हणाले, दुकानाचे मालक तसं म्हणाले, शेजारच्या बाई चौकशीला म्हणून आल्या आणि तासभर बसल्या, त्याही तसंच म्हणाल्या. सगळ्यांत जास्त वेळा मी म्हणाले. "नशीब समजा वन्सं, अंगाला ओरखडासुद्धा नाही." त्या मान हलवायच्या आणि दाराकडे बघत राहायच्या.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. खरं तर घर त्यांच्या आईवडिलांचं, तेव्हा आम्हीच त्यांच्याकडे राहतो, पण हे मी भांडणात कधी कबूल करत नाही. तेवीस वर्षं त्या एकाच चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. बाजारातल्या गल्लीत कोपऱ्यापासून दुसरं दुकान. पुढे काचेची कपाटं, भिंतभर फ्रेमा, मध्ये मध्ये आरसे, आणि मागे डोळे तपासायची अंधारी खोली. त्या खोलीत एक खुर्ची, एक स्टूल, अक्षरांची उजळणारी पाटी आणि काचांची लाकडी पेटी. एवढंच त्यांचं राज्य, आणि त्या राज्यात मालकांनासुद्धा टकटक करून यावं लागे.

मी पाण्याच्या कचेरीत फोनवर तक्रारी घेते. नळाला पाणी नाही, पाण्याला वास येतो, रस्त्यात पाइप फुटला. अठरा वर्षं हेच. म्हणून वन्सं मला तक्रारबाई म्हणतात. त्या नोकरीने मला एक वाईट खोड लावली आहे. समोरचा माणूस निम्मं वाढवून सांगतोय असं धरूनच मी ऐकते.

झालं ते असं. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला एक माणूस दुकानात आला. नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट. लांबचं धूसर दिसतं म्हणाला. मालक कामाला बाहेर गेले होते, दुकानात वन्सं एकट्याच. त्यांनी त्याला मागे नेलं, खुर्चीवर बसवलं, तपासणीची ती जड गोल फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि दिवा बंद केला. तेवीस वर्षांत हजारो वेळा केलेलं काम. अंधारात हातभर अंतरावर बसून समोरच्याच्या डोळ्यात बॅटरीचा बारीक उजेड सोडायचा. बुबुळाच्या आत लालसर उजेड उमटतो, बॅटरी हलवली की तोही हलतो. मग फ्रेममध्ये काचा बदलत जायच्या. उजेड सरकायचा थांबला की नंबर सापडला. त्या दिवशी त्यांनी दोन्ही डोळ्यांत एकदा उजेड टाकून बघितला, बॅटरी पुन्हा उचलली आणि त्या माणसाने त्यांचं मनगट धरलं. "बाई, ओरडायचं नाही," तो म्हणाला, अगदी हळू, जवळजवळ प्रेमाने, आणि त्यांच्या जबड्याखाली काहीतरी गार टेकवलं. बाहेर त्याचा जोडीदार कपाटं रिकामी करत होता. पिशवीत फ्रेमा पडल्याचा आवाज आत ऐकू येत होता. मग दोघं गेले, जाताना खोलीला बाहेरून कडी घालून.

मालक आले साडेपाचला. त्यांनी कडी काढली. आत मिट्ट काळोख, आणि त्यात वन्सं आपल्या स्टुलावर ताठ बसलेल्या, हातात बॅटरी. दिव्याचं बटण दाराशेजारी आतल्या बाजूला आहे, स्टुलावरून हात लांब केला की पोचतं. दोन तास त्या तशा बसून होत्या आणि त्यांनी दिवा लावला नव्हता.

"दिवा का नाही लावलात?" पोलिसांनी विचारलं. मालकांनी विचारलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "ताई, अगं साधी गोष्ट. बटण दाबायचं." मीही विचारलं, एकदा नाही, चांगलं चारपाच वेळा. वन्सं म्हणायच्या, "माहीत नाही." जबाब देतानाही त्यांचं सगळं उलटसुलट. आधी पिशवीचा आवाज सांगितला, मग मनगट, मग शर्टाची इस्त्री, मग पुन्हा पिशवी. चेहरा कसा होता, तर आठवत नाही. त्याच्या डाव्या डोळ्यात नंबर जास्त होता एवढं मात्र ठामपणे सांगितलं. लिहून घेणाऱ्या पोलिसाची एक भुवई वर गेली. ती भुवई मी ओळखते. फोनवर बोलताना माझीही तशीच जाते.

त्यानंतर आमचं घर बदललं. बैठकीत चार खुर्च्या आहेत, पण वन्सं फक्त एकीवर बसू लागल्या, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे असलेल्या. ती कायम ह्यांची खुर्ची होती. हे बिचारे आठवडाभर उभ्यानेच पेपर वाचत होते. घरातले सगळे दिवे दिवसरात्र चालू. कोणी बटण बंद केलं की त्या 'टक' आवाजाला त्यांच्या हातातलं भांडं पडायचं. मागून कोणी आलं की त्या किंचाळत नसत, श्वास घ्यायच्या थांबत. ते किंचाळण्यापेक्षा वाईट. कोणी हळू आवाजात बोललं की उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. हे जात्याच हळू बोलणारे, त्यामुळे आमच्या घरात ओरडून बोलायची पद्धत पडली. "मीठ दे!" म्हणून हे असे खेकसायचे की शेजाऱ्यांना वाटावं आमचं जमत नाही. मी एकदा हसले. वन्सं हसल्या नाहीत, आणि मग मलाही हसणं पुरं करता आलं नाही.

दुकानात त्या परत गेल्या, नाही असं नाही. दुसऱ्याच आठवड्यात गेल्या. काउंटरवर बसल्या, फ्रेमा पुसल्या, कानामागच्या काड्या वाकवून दिल्या. पण अंधाऱ्या खोलीच्या दाराशी पोचल्या की पाय तिथेच. मालकांनी पाच आठवडे कळ काढली. मग एका रविवारी घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवला तरी कपाकडेच बघत राहिले. म्हणाले, "बाई, पुढच्या महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. पण तपासणीशिवाय चष्म्याचं दुकान चालत नाही. एक तारखेला मला दुसरं माणूस ठेवावं लागेल." माणूस वाईट नाही. वन्सं "बरं" म्हणाल्या. मालक गेल्यावर त्यांनी दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तक्रारबाई, मला दुसरं काही येत नाही गं."

इतक्या वर्षांत माझ्यासमोर त्या असं काही बोलल्या नव्हत्या. ते मला ऐकवेना. आणि असं झालं की मी काहीतरी करून मोकळी होते. विचार नंतर.

आमच्या कचेरीत एक नेहमीची तक्रार असते. पाणी आलंय पण नळ नुसता फुसफुसतो. पाइपात हवा अडकलेली असते. आम्ही सांगतो, मुख्य कॉक बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग एकदम उघडा. हवा निघून जाते. दहातले आठ नळ त्याने सुरू होतात. मी हे अठरा वर्षं लोकांना सांगत आलेय आणि लोक दुसऱ्या दिवशी फोन करून आभारही मानतात. मला वाटलं, वन्संचंही तसंच आहे. कुठेतरी काहीतरी अडकलंय. अंधाराशी एकदा गाठ पडली पाहिजे, आपल्या घरात, आपल्या माणसांत, पाचच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता हे अजून यायचे होते. वन्सं ओट्याशी बटाटे चिरत होत्या. मी पॅसेजमध्ये गेले आणि विजेचा मेन स्विच खाली ओढला.

घर गडप झालं. "मी आहे, घाबरू नका," असं म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं. म्हटलं नाही. पाच मिनिटं थांबायचं असतं ना. मी भिंतीला टेकून मनात आकडे मोजू लागले. सुरी थांबली. मला वाटलं, आता हाक मारतील, आता शिव्या घालतील, मग आम्ही दोघी हसू. काहीच आवाज आला नाही. मी साठापर्यंत मोजलं. फ्रिज बंद पडलेला, रस्त्यावरून कोणीतरी बोलत गेलं, आणि आमच्या स्वयंपाकघरात जणू कोणी नव्हतंच. ऐंशीला माझा धीर सुटला. "वन्सं?" मी स्विच वर ढकलला.

त्या ओट्याखालच्या कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. सुरी बटाट्यांशेजारी नीट ठेवलेली. उजवा हात हवेत उचललेला, मनगट कोणीतरी धरून ठेवावं तसा. डोळे उघडे, माझ्यावर रोखलेले, आणि त्या डोळ्यांत माझी ओळख नव्हती. खाली फरशी ओली झाली होती.

मी त्यांना उठवायला गेले. "हात लावू नको," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळाने हात आपोआप खाली आला. मग त्यांनी विचारलं, "तू होतीस?"

"हो."

"न सांगता?"

मी मान हलवली. त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. मी फरशी पुसली. लाज वाटली म्हणणं कमी आहे, मला स्वतःची किळस आली. हे आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. हे जाऊन बहिणीच्या बंद दाराशी जमिनीवर बसले. "ताई, मी आहे. दाराबाहेर आहे. सगळे दिवे चालू आहेत," असं दर थोड्या वेळाने मोठ्याने सांगत राहिले. वन्सं अकरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाराव्या दिवशी मी त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. सरकारी इस्पितळात मनाच्या आजारांच्या डॉक्टरीण बाई आहेत, दर गुरुवारी सकाळी दहाला त्या अशा माणसांना एकत्र बसवतात. चोरी, मारहाण, असं काही ज्यांच्यावर गुदरलंय त्यांना. मी म्हटलं, "जायचं तर जा, नाहीतर नका जाऊ. मी बरोबर येईन, नको असेल तर येणार नाही. तुम्ही सांगाल तसं." इतकी वाक्यं सलग दुसऱ्यावर सोपवून मी जन्मात बोलले नव्हते. वन्संनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर ये. पण गप्प बसायचं."

लांब पॅसेजच्या टोकाची खोली. गोल मांडलेल्या आठ खुर्च्या. नातेवाइकांनी बाहेरच्या बाकावर बसायचं. दार मात्र उघडं असायचं, कारण आतल्या कोणालाच ते लावलेलं चालत नव्हतं, त्यामुळे मला बाकावरून सगळं ऐकू यायचं आणि अर्धं दिसायचंही. त्या आठ खुर्च्यांत एकच अशी होती की जिची पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. वन्सं पहिल्या गुरुवारी दहा मिनिटं आधी पोचल्या. खुर्चीवर आधीच एक बाई बसलेली. दुसऱ्या गुरुवारी आम्ही वीस मिनिटं आधी गेलो. तीच बाई, तीच खुर्ची. तिसऱ्या गुरुवारी वन्संनी मला सव्वानऊला तिथे नेलं आणि दारातच दोघींची गाठ पडली. दोघी एकदम आत, दोघींचा हात एकदम त्या खुर्चीच्या पाठीवर, आणि कोणी सोडायला तयार नाही. माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरीण बाई आल्या, बघितलं, आणि एक शब्द न बोलता दुसरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी भिंतीला लावली. मग त्या दोघी शेजारी शेजारी दाराकडे बघत बसल्या, पहारेकऱ्यांसारख्या.

ती बाई समुद्रापलीकडच्या देशातून आलेली, आपली भाषा मोडकीतोडकी बोलायची. इस्पितळाच्या तळघरात चादरी शिवायच्या कामावर होती. वन्संनी तिचं नाव पाडलं शिवणबाई. तिच्या खोलीत दोघं घुसले होते, एवढंच मला कळलं. त्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी तिला विचारलं, तेव्हा काय वाटलं. ती बराच वेळ शब्द शोधत होती.

"खिडकी उघडी," ती म्हणाली. "शेजारी माणसं. मी फक्त खिडकीवर मारायचं, ठक ठक. पण हात माझा नाही. हात दुसऱ्याचा. मी सांगते, ऊठ. तो उठत नाही."

मग वन्संचा आवाज आला. "बटण कुठे आहे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षं माहीत आहे. मी हाताला सांगत होते. तो माझं ऐकतच नव्हता. मग मला वाटलं, तो माणूस अजून मनगट धरून बसलाय. गेलाय हे ऐकलं होतं मी, पायांचा आवाज ऐकला होता. तरी."

मी बाहेर बाकावर होते. जे मी त्यांना घरात उभं करून करून विचारलं होतं त्याचं उत्तर मला पॅसेजमध्ये, भिंतीआडून मिळालं. मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले आणि सापडला तरी शोधत राहिले.

शिवणबाईने सांगितलं, त्यांच्याकडे म्हणतात भीती हातात उतरते. घाबरलेल्या माणसाचे हात घरचं कोणीतरी आठवडाभर आळीपाळीने धरून बसतं. इथे तिचं घरचं कोणी नव्हतं. नंतर मी डॉक्टरीण बाईंना विचारलं की हे असं असतं का. त्या म्हणाल्या, "कोणाचं छातीत दुखतं, कोणाला मुंग्या येतात, कोण म्हणतं माझ्यातलं काहीतरी तिथेच राहिलं. जिथून माणूस येतो तिथलं बोलणं घेऊन येतो. पण खुर्ची सगळ्यांना तीच हवी असते." मग मला म्हणाल्या, "घरी काही करू नका. दिवा कधी बंद करायचा ते त्यांचं त्यांना ठरवू द्या." मी त्यांना मेन स्विचची गोष्ट सांगितली नव्हती. वन्संनी सांगितली असणार. मी मान खाली घातली.

पुढच्या गुरुवारी गट सुरू व्हायच्या आधी शिवणबाई सुईत दोरा ओवत बसली होती. सुई हातभर लांब धरलेली, मान तिरकी, दोरा नाकाच्या बाजूने चाललेला. वन्सं आधी नुसत्या बघत होत्या. पाचव्यांदा दोरा चुकला तेव्हा त्यांनी सुई काढून घेतली, ओवून दिली आणि तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. अडीच महिन्यांत मी त्यांना कोणाला आपणहून हात लावताना बघितलं नव्हतं.

"किती दिवस असं?"

"वर्ष. बोट बघ." तिची बोटं टोचून टोचून खरबरीत झाली होती. "वरची बाई रागवते. शिवण वाकडी."

"डोळे तपासून का घेत नाहीस?"

शिवणबाई दाराकडे बघत म्हणाली, "तिथे अंधार करतात."

"मी तपासते," वन्सं म्हणाल्या. ते तोंडातून निघून गेलं, सवयीने. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि मी बाकावरून अर्धी उठले. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. फक्त म्हणाल्या, "महिनाअखेरीला सोमवार आहे. सकाळी अकरा."

एक तारीख मंगळवारी होती.

मी घरी जाताना हळूच सुचवलं की अक्षरांच्या पाटीवर उजेडातच तपासलं तर. वन्सं खवळल्या, आणि इतक्या दिवसांनी त्यांना खवळलेलं बघून मला बरं वाटलं. "ती आपली अक्षरं वाचत नाही. तिला 'हे बरं की हे बरं' कितीदा विचारणार? अशा माणसाचा नंबर डोळ्यात उजेड टाकूनच काढावा लागतो. अंदाजाने चष्मा द्यायला मी काय रस्त्यावर मांडून बसलेय?"

रविवारी संध्याकाळी त्यांनी ह्यांना हाक मारली. "तुझा वाचायचा दिवा दे. टेबलावरचा." त्या दिव्याचं बटण वायरीवर आहे, हातात धरता येतं. ह्यांनी दिवा पुसून पुसून दिला. वन्सं आपल्या खुर्चीवर तो मांडीवर घेऊन बसल्या. बटणावर अंगठा ठेवायच्या, काढायच्या. दिवा त्यांनी एकदाही बंद केला नाही. मला मात्र स्वयंपाकघरातून कान देऊन 'टक' ऐकू येतंय का याची वाट बघताना घाम फुटला.

सोमवारी मी रजा टाकली. अकराला पाच कमी असताना आम्ही तिघी दुकानात उभ्या, माझ्या हातात दिवा. मालकांनी काउंटरमागून बघितलं आणि नको तितक्या मन लावून एक फ्रेम पुसायला घेतली. वन्सं अंधाऱ्या खोलीच्या दाराशी गेल्या. दारावरची बाहेरची कडी मालकांनी केव्हाच काढून टाकली होती. लाकडात स्क्रूंची चार भोकं राहिली होती. त्यांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं.

मग भराभर बोलू लागल्या, मला, मागे न वळता. "दिवा आत कोपऱ्यातल्या प्लगला लाव. बटण हिच्या हातात. खोलीतला मोठा दिवा मी बंद करणार, पण तो टेबलावरचा हिच्या हातात. हिला वाटेल तेव्हा विझवेल, वाटेल तेव्हा लावेल. तू दाराबाहेर उभी राहायचं. दार बोटभर उघडं. आणि बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"काहीही. तुझा आवाज हळू नसतो. मला तो ऐकू यायला हवा."

मी दिवा लावून दिला, बटण शिवणबाईच्या मुठीत ठेवलं, बाहेर आले, दार बोटभर फटीवर ओढलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. आणि मला एक शब्द सुचेना. अठरा वर्षं तोंडाचा पट्टा चालवणारी मी! मागे मोठ्या दिव्याचं बटण टक झालं. आता फटीतून टेबलावरच्या दिव्याचा पिवळा उजेड तेवढा येत होता.

"तक्रारबाई!" आतून वन्संचा आवाज, ताणलेला.

"तिसरी गल्ली," मी ओरडले. "तिसऱ्या गल्लीत पाणी गढूळ येतंय. बाई म्हणतात चार दिवस झाले. मी म्हटलं, बाटलीत भरून ठेवा, माणूस येईल." मालकांनी वर बघितलं. चष्मा न्यायला आलेले एक आजोबाही बघू लागले. मी बोलत राहिले. शाळेजवळचा पाइप फुटला, मीटर उलटा फिरतो, नळाला हवा. हवेच्या तक्रारीशी माझा आवाज अडकला, मी ती टाकून पुढे गेले.

टक. फटीतला उजेड गेला.

"वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही," मी म्हटलं. "खालचे म्हणतात आम्हाला भरपूर आहे." आत काही हलत नव्हतं. मला तीच संध्याकाळ आठवली, तोच ऐंशीपर्यंतचा आकडा, आणि वाटलं, दार ढकलावं, आत शिरावं, त्यांना ओढून बाहेर काढावं. न विचारता. हात दारावर गेलासुद्धा. मी तो ओढून काखेत दाबला आणि बोलत राहिले. "टाकीत कबूतर पडलंय. हो, कबूतर. नाही, आम्ही कबूतर काढत नाही." आजोबा खुदकन हसले.

टक. उजेड आला. आत कोणीतरी धापा टाकत होतं. कोण ते कळेना. "तुझा हात," शिवणबाई म्हणाली. "हात दे." मग बराच वेळ काही नाही, फक्त दोन श्वास, हळूहळू एका चालीत येत गेलेले. माझ्या तक्रारी संपत आल्या होत्या. मी तिसरी गल्ली पुन्हा सुरू केली.

"आता?" वन्संनी विचारलं.

"आता," ती म्हणाली. टक.

आणि मग मला तो आवाज आला. लाकडी पेटीतून काच उचलल्याचा. किण. फ्रेममध्ये बसवल्याचा. पुन्हा एक काच. "समोर बघ. माझ्याकडे नाही, माझ्या कानापलीकडे. हां." तो वन्संचा कामाचा आवाज होता, जरा तुसडा, जरा दमदाटीचा. तो मी शेवटचा केव्हा ऐकला होता ते मला आठवेना. मालकांचं पुसणं थांबलं होतं. किण. "पापणी मिटू नको सारखी." किण. मी गढूळ पाणी, फुटलेला पाइप, कबूतर, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजोबांनी मला आपला रुमाल दिला.

टक. उजेड. दार उघडलं आणि वन्सं बाहेर आल्या. केस कपाळाला चिकटलेले, पांढरा कोट काखेत भिजलेला. मागून शिवणबाई, बटण अजून मुठीत, वायर ताणली गेलेली. वन्संनी काउंटरवरचा कागद ओढून घेतला आणि उजव्या डोळ्यासमोर नंबर लिहिला. आकडे थोडे वाकडे आले, पण वाचता येत होते. डाव्या डोळ्यापुढची जागा तशीच.

मालकांनी कागद बघितला. "आणि डावा?"

"डावा गुरुवारी," वन्सं म्हणाल्या. "आज एवढंच होतंय."

उद्या एक तारीख होती हे दुकानातल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबांना नसेल, पण तेही श्वास रोखून उभे होते. मालकांनी काउंटरखालून भेटीच्या वेळांची वही काढली, गुरुवारचं पान उघडलं, आणि वही न फिरवता, पेनासकट, वन्संच्या दिशेने सरकवली. वन्संनी ती वळवून घेतली आणि दुपारी एकच्या रकान्यात लिहिलं, शिवणबाई, डावा. मग जरा विचार करून आजोबांना विचारलं, "तुमचा चष्मा कितीदा बदलला दोन वर्षांत? तुम्ही शुक्रवारी या."

घरी जाताना दिवा मी धरला होता. वन्सं भिंतीच्या बाजूने चालत होत्या, दर थोड्या पावलांनी मागे बघत होत्या. ते गेलेलं नाही. ते जाईल का, मला माहीत नाही, डॉक्टरीण बाईंनीही सांगितलेलं नाही.

घराच्या पायरीशी त्या थांबल्या. "तक्रारबाई, झोपताना स्वयंपाकघरातला दिवा बंद करायचा असेल तर मला विचार."

"विचारीन. आणि तुम्ही नको म्हणालात तर?"

"तर तो चालू राहील."

"मग म्हणा नको," मी म्हटलं. "मी उद्याही विचारीन."